रागीच्या शेतावर

बंगळूरच्या हेब्बाळमध्ये २०१८ साली गटाराचं काम चालू असताना एक वीरगळ सापडला. साधारण इ.स. ७५०चा, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला. रट्टवाडीची स्वारी आली तेव्हा कित्तय्या लढता लढता पडला, असं त्यावर जुन्या कन्नडात कोरलंय. ही स्वारी राष्ट्रकूटांची, असं अभ्यासक मानतात. वेरूळच्या कैलासापुढे ज्यांच्या नावाने आपली मान ताठ होते, ते या शिवारावर चालून आले होते. मराठी माणसाने इथे जरा थांबावं.

ते साम्राज्य उघड होतं. कोण आला, कोण पडला, दगडावर लिहिता यायचं. भांडवलाचं येणं असं लिहून ठेवता येत नाही, म्हणून तर साम्राज्यवादाबद्दलचा मार्क्सवाद्यांचा वाद शंभर वर्षं मिटलेला नाही. महायुद्ध पेटून काही आठवडे होतात तोच, सप्टेंबर १९१४मध्ये, काउत्स्कीने लिहिलं की बडी राष्ट्रं उद्या समेट करून जग मिळून वाटून खातील. लेनिनने १९१६मध्ये झुरिकमधून उत्तर दिलं: असे समेट म्हणजे दोन युद्धांमधली उसंत.

पण हेब्बाळ समजून घ्यायचं तर रोझा लक्झेंबर्गच हवी. भांडवलाला सतत आपल्या बाहेरचं काही लागतं, असं तिने १९१३मध्ये मांडलं: शेत, गायरान, बाजाराबाहेरचं जगणं. ते गिळल्याशिवाय त्याची वाढ नाही. बुखारिनने तिच्या हिशेबातल्या चुका काढल्या. तिची नजर मात्र पक्की होती. २००८मध्ये देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला आणि बळ्ळारी रस्त्यालगतच्या जमिनींचे भाव एकराऐवजी चौरस फुटाने बोलले जाऊ लागले. आमच्या इमारतीचे साठीतले रखवालदार अण्णा पार्किंगच्या फरशीकडे बोट दाखवून म्हणतात, ‘इल्ले, रागी.’ वडील इथेच पेरत. विक्रीचे पैसे भावाभावांत वाटले गेले, लग्नांत आणि आजारपणात गेले. आता अण्णा त्याच जागी रात्रभर गाड्यांसाठी फाटक उघडतात.

मार्क्सवादी बिल वॉरनचं १९८०चं पुस्तक उलट सांगतं: साम्राज्यवादानेच भांडवलशाही जगभर नेली, आणि ते प्रगतीचं पाऊल होतं. १८५३मध्ये मार्क्सनेही भारतातल्या रेल्वेकडून अशीच आशा धरली होती. हे मला झटकता येत नाही. पहाटे मान्यता टेक पार्कमधून कॅबने परतणारी माझी सोलापूरची शेजारीण तिच्या घरातली पहिली पगारदार बाई. भावाची फी तिने भरली, लग्न तिच्या मनाने लांबवलं. तिची झोप अमेरिकेच्या घड्याळावर चालते, तरी ती मागे फिरणार नाही, आणि तिने का फिरावं?

वॉरनच्या जमाखर्चात ती आहे, अण्णा नाहीत. तिचा पगार त्यांच्या शेताची भरपाई नव्हे. अण्णांचा नातू आता त्याच टेक पार्कमध्ये साफसफाईला जातो, आणि कंत्राटदार दर अकरा महिन्यांनी त्याला नवं ओळखपत्र देऊन पुन्हा नवा कामगार ठरवतो.