आपलें आपणांशीं बोलणें



मनुष्य दिवसभरांत अनेकांशीं बोलतो. परंतु सर्वांत अधिक बोलतो तो स्वतःशींच. हें बोलणें दुसऱ्या कोणाच्या कानीं पडत नाहीं, म्हणून तें कोणी सुधारीतही नाहीं. निबंधांतील चुका आम्ही शिक्षक लाल शाईनें दाखवितों. परंतु मुलें मनांतल्या मनांत स्वतःस जी कठोर भाषा वापरितात, तिच्याखालीं रेघ ओढण्यास कोणी जवळ नसतें. त्या भाषेविषयीं चार शब्द लिहावेत, असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका वर्गांत परत देण्याचा दिवस वीस वर्षांच्या अध्यापनानें मला चांगलाच परिचयाचा झाला आहे. कोणी गुणांचा कोपरा दुमडून ठेवितो, कोणी उगीच मोठ्यानें हंसतो, कोणी पाणी पिण्याच्या मिषानें बाहेर जाते. अशाच एका वर्षीं नववींतील एका मुलाच्या गणिताच्या उत्तरपत्रिकेच्या मागील कोऱ्या पानावर पेन्सिलीनें लिहिलेलें एक वाक्य माझ्या दृष्टीस पडलें. आपण मूर्ख आहों, आपल्या हातून कांहीं होणार नाहीं, असें त्यानें एकाखालीं एक पांच वेळां लिहिलें होतें. त्याच्या शेजारीं बसणाऱ्या मित्रास त्याच्याहूनही कमी गुण होते. त्या मित्रास हाच मुलगा मधल्या सुटींत सांगत होता, “अरे, पेपरच कठीण होता. बीजगणित आपण दोघे मिळून करूं.”

एकाच मुखांत ह्या दोन भाषा कशा? मित्रासाठीं जो मुलगा इतका समजूतदार, तोच स्वतःसाठीं इतका निर्दय कां? मीं त्यास विचारिलें, तेव्हां तो म्हणाला, “बाई, स्वतःला असं बोललं नाहीं, तर अभ्यास कसा होणार?”

ह्या उत्तरांत एक मोठा व सार्वत्रिक गैरसमज आहे. आपण समजतों कीं, मन हें अडून बसलेलें जनावर असून आसुडावांचून तें पुढें पाऊल टाकीत नाहीं. परंतु मानसशास्त्राच्या अभ्यासकांस निराळेंच आढळून आलें आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत ज्युलिआना ब्राइनेस व सेरेना चेन ह्या दोन विदुषींनीं केलेले प्रयोग इ. स. २०१२ मध्यें प्रसिद्ध झाले. त्यांपैकीं एकांत विद्यार्थ्यांस शब्दज्ञानाची मुद्दाम कठीण चांचणी देण्यांत आली व ती बहुतेकांस जड गेली. नंतर कांहींना सांगितलें कीं, अशी चांचणी पुष्कळांस कठीण जाते, स्वतःवर फार कठोर होऊं नका. दुसऱ्या कांहींची बुद्धिमान म्हणून स्तुति केली. उरलेल्यांस कांहींच सांगितलें नाहीं. पुढें दुसऱ्या चांचणीपूर्वीं अभ्यासास हवा तेवढा वेळ दिला असतां, सर्वांत अधिक वेळ अभ्यास केला तो पहिल्या गटानें. कॅनडांतील कार्लटन विद्यापीठांत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या व इ. स. २०१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांतही असेंच दिसलें. पहिल्या परीक्षेच्या वेळीं केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनीं स्वतःस क्षमा केली, त्यांची चालढकल पुढच्या परीक्षेच्या वेळीं कमी झाली.

ह्याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. कोणी अंगावर ओरडला म्हणजे छाती धडधडते व तेथून पळावेंसें वाटतें. ओरडणारा आपल्या आंतच असला, तरी शरीर तसेंच घाबरतें. मग ज्या पुस्तकाबरोबर ती शिवी आठवते, तें पुस्तक उघडूंच नये असें वाटूं लागतें. मुलगा आळशी आहे असें आपण म्हणतों. वस्तुतः तो भ्यालेला असतो.

ह्या विषयाचा पद्धतशीर अभ्यास टेक्सास विद्यापीठांतील क्रिस्टिन नेफ ह्यांनीं इ. स. २००३ पासून पुढें मांडिला. आत्मकरुणेचीं त्यांनीं तीन अंगें सांगितलीं आहेत. पहिलें, स्वतःशीं ममतेनें वागणें. दुसरें, चुकणें व दुःख भोगणें हें सर्व मनुष्यजातीस समान आहे, एकट्या आपल्याच वांट्यास आलेलें नाहीं, हें जाणणें. तिसरें, मनांत जें चाललें आहे तें न लपवितां व न फुगवितां जसेंच्या तसें पाहणें. ह्या तिसऱ्या अंगामुळेंच करुणा व सबब ह्यांत भेद पडतो. सबब म्हणते, चूक झालीच नाहीं. करुणा म्हणते, चूक झाली आहे; ये, दोघें मिळून ती पाहूं.

आपल्या लोकांस हा विचार अगदींच नवा नाहीं. समर्थ रामदासांनीं मनाचे श्लोक रचिले ते मनास उपदेश करण्यासाठींच. त्यांत मनाचे दोष झांकलेले नाहींत. तरी त्या मनास ते आरंभींच सज्जन म्हणून हांक मारितात. सज्जन म्हणून हांक मारिली म्हणजे ऐकणारा थांबतो; मूर्ख म्हणून मारिली म्हणजे तो पाठ फिरवितो. शेजाऱ्यावर प्रीति करण्याची जी आज्ञा आपल्या शाळेंत प्रत्येक मूल ऐकतें, तिच्यांतही त्या प्रीतीचें माप म्हणून आपण स्वतःच नेमलेले आहों.

माझ्यापुरतें सांगावयाचें, तर ह्या गोष्टीची खरी किंमत मला माझ्या आईच्या शेवटच्या आजारांत कळली. दिवसा शाळा व रात्रीं तिची शुश्रूषा असा क्रम आठ महिने चालला. ती गेल्यानंतर, जें करणें शक्य होतें तें सर्व झालें असें डॉक्टरांनीं सांगूनही, माझें मन रात्रीं मलाच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करी. एके दिवशीं आईची सेवा केलेल्या एका वयस्क परिचारिकेजवळ मीं हें बोलून दाखविलें. त्या म्हणाल्या, “बाई, हेंच तुमच्या धाकट्या बहिणीनें येऊन सांगितलं असतं, तर तिला तुम्ही काय म्हणालां असतां?” बहिणीस काय सांगावयाचें तें मला तत्काळ सुचलें. तेंच मीं त्या रात्रीं स्वतःस सांगितलें. दुःख गेलें नाहीं. पण त्या दुःखावर मीठ चोळणारा हात थांबला.

तोच प्रश्न मीं पुढें त्या नववींतील मुलास विचारिला, आणि मित्राशीं बोललेलें वाक्य त्याच कोऱ्या पानावर खालीं लिहावयास सांगितलें. तो लाजला, पण लिहिलें. वार्षिक परीक्षेंत तो कांहीं पहिला आला नाहीं. उत्तीर्ण मात्र झाला. मला अधिक आनंद झाला तो ह्याचा कीं, न समजलेलें उदाहरण विचारण्यास तो वर्गांत हात वर करूं लागला.

मित्रांनो, तुम्हींही हें करून पाहावें. मन फार टोंचूं लागलें म्हणजे एक कागद घेऊन त्यावर तीन ओळी लिहाव्या. काय घडलें, ही पहिली. असें आणखी कोणावर येतें, ही दुसरी. उद्यां सकाळीं मी कोणतें एक लहानसें काम करीन, ही तिसरी. लिहितांना एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, हें पत्र आपण एका मित्रास धाडीत आहों.

पालकांस एक नम्र विनंति. मुलाच्या मनांत जो आवाज बोलतो, तो त्यानें बहुधा आपल्या घरांतून व आमच्या वर्गांतूनच उचललेला असतो. शेजारच्या मुलाशीं केलेली तुलना आपण जेवण होण्यापूर्वीं विसरतों. मूल ती अनेक वर्षें स्वतःस ऐकवितें. प्रगतिपुस्तक हातीं आल्यावर पहिला प्रश्न गुणांचा नसावा. काय अवघड गेलें, हा असावा. आणि मुलाची झोंप व भूक उडाली, तें एकटें राहूं लागलें किंवा जगणें व्यर्थ असें बोलूं लागलें, तर केवळ उपदेशावर विसंबूं नये. त्याच्याजवळ बसावें, विलंब न लावितां डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. भारत सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक ह्याच कामासाठीं आहे. तेथें अहोरात्र विनामूल्य बोलतां येतें.

परीक्षा येतील व जातील; गुणपत्रिका कपाटांत पिवळ्या पडतील. जन्मभर आपली सोबत करणारें आहे तें आपलेंच मन. त्याच्याशीं खरें बोलावें, परंतु मित्रासारखें बोलावें, एवढेंच ह्या वर्षीं आपणां सर्वांस माझें सांगणें आहे.