मुदतीची पाहुणी

हुंडीचा व्यवहार ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या झाला, त्या घरांना कार्नेटचे मर्म फार समजावून सांगावे लागत नाही. एका गावच्या पेढीने लिहून द्यावे, दूरच्या गावच्या पेढीने त्या अक्षरावर विश्वास ठेवावा आणि शब्द खोटा पडलाच तर लिहून देणाऱ्याने भरपाई करावी, अशी हुंडीची रीत. परदेशी नोंदणीची खाजगी मोटार जकात न भरता काही काळ दुसऱ्या देशात न्यायची असेल, तर कार्नेट नावाची पुस्तिकाही हेच काम करते. या सोयीला 1954 च्या न्यूयॉर्क येथील आंतरराष्ट्रीय कराराचा आधार आहे. गाडीचा मालक आपल्या देशातील मोटार संघटनेकडे अनामत ठेवतो आणि संघटना परक्या देशाला हमी देते, की गाडी मुदतीत परत जाईल. न गेल्यास जकात आम्ही भरू. मुंबईत 1919 साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन इकडून बाहेर जाणाऱ्यांसाठी हेच काम करते.

बोरिवलीतील एका जैन व्यापारी कुटुंबात ही पुस्तिका दिवाळीनंतर आली. धाकटा मुलगा अकरा वर्षे दुबईत सोन्याच्या व्यवसायात आहे. या खेपेस त्याला व त्याच्या पत्नीला स्वतःच्या गाडीने कुंभोज-बाहुबली आणि श्रवणबेळगोळ ही यात्रा करायची होती. गाडी जहाजाने न्हावा-शेवा बंदरात उतरली. सीमाशुल्क अधिकाऱ्याने पुस्तिकेतील प्रवेशाचा भाग फाडून घेतला, स्थळप्रतीवर शिक्का मारला आणि सहा महिन्यांची मुदत सुरू झाली.

गाडीचा मुक्काम मनोरीच्या घरी ठरला. बोरिवलीच्या इमारतीत आणखी एक गाडी उभी करण्यास जागा नव्हती. मनोरीला मात्र नारळीखाली अंगण मोकळे होते. मार्वेच्या तरीवर दुचाकी चढते, मोटार चढत नाही. तिला भाईंदर-उत्तनकडून वळसा घालूनच मनोरी गाठावी लागते. परदेशी खाजगी वाहनांसाठी केंद्र सरकारने 2022 साली केलेल्या नियमांचे कागद वडिलांनी आधीच वाचून ठेवले होते. नोंदणीपत्र, वाहन परवाना, विमा व प्रदूषण प्रमाणपत्र जवळ हवे; कागद इंग्रजीत नसल्यास प्रमाणित भाषांतर हवे; आणि अशा गाडीतून स्थानिक प्रवासी वा माल यांची वाहतूक करता येत नाही. या शेवटच्या कलमाचा रोख धंदेवाईक वाहतुकीवर असेल, असे मुलाने परोपरीने सांगितले. अण्णा ऐकून घेत आणि तरीची वाट धरत. मुलगा व सून उत्तनवरून गाडी आणीत, आई-वडील मार्वेहून खाडी ओलांडीत, आणि बहुधा वडीलच आधी पोचत. घरात यावर हसे होई. वडीलही त्या हसण्यात सामील होत, पण गाडीत बसत नसत.

खरा प्रश्न यात्रा संपल्यावर उभा राहिला. मुलाला दुबईहून बोलावणे आले. गाडी परत पाठवायची म्हणजे पुन्हा जहाजाचे भाडे, बंदराचा खर्च, दलालाची फी. "अण्णा, गाडी इथेच राहू द्या. पुढच्या वर्षी यायचेच आहे. तोवर तुम्ही वापरा," असे त्याने सुचविले. एका ओळखीच्या दलालाने त्याला दुजोरा दिला. मनोरीसारख्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभ्या गाडीला कोण विचारतो? फारच वाटले तर पाटी बदलून देऊ, असेही तो म्हणाला.

वडिलांनी दोन दिवस उत्तर दिले नाही. त्यांनी नियम एका वहीत उतरवून काढले. कार्नेटवर आलेली गाडी मालकाच्या संमतीने दुसऱ्याने चालविली तरी तो दुसराही परदेशस्थच हवा. भारतात राहणाऱ्या बापाला तिचे चाक हाती धरता येत नाही. ती विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही. घरसामानाबरोबर मोटार सोडवून घ्यावी म्हटले, तर 1962 च्या सीमाशुल्क कायद्याने प्रवासी सामानाच्या व्याख्येतूनच मोटार वगळली आहे. कायमचे परतणाऱ्यास मार्ग आहे: दोन वर्षे सलग परदेशी वास्तव्य, गाडी किमान एक वर्ष स्वतःच्या ताब्यात, आणि पूर्ण जकात. ही जकात अनेक वर्षे गाडीच्या मोलाहूनही अधिक राहिली आहे. सेकंडहँड गाडीला साधारणतः तीन वर्षांच्या वयाची मर्यादा आणि उजव्या बाजूच्या चाकाची अट. दुबईच्या गाडीचे चाक तर डावीकडे. शिवाय मुलगा कायमचा परतत नव्हताच.

तिसऱ्या दिवशी ते बोलले. गाडी गेली नाही तर सरकार कोणाला धरील, हा त्यांचा पहिला प्रश्न. मुलगा म्हणाला, दुबईच्या संघटनेला. ती आपली अनामत जप्त करील. "म्हणजे तुझ्या शब्दावर तिसऱ्याने सही केली आहे," वडील म्हणाले. "आपल्या दुकानातून कोणी जामिनावर माल नेला आणि जामीनदाराला तोंडघशी पाडले, तर त्याला आपण काय म्हणतो?"

मुलाजवळ उत्तर होते, पण ते त्याने दिले नाही.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम हा एक अतिचार सांगितला आहे. पाठशाळेत तो पाठ करताना मुलांना तो जुन्या राजांच्या काळातला वाटतो. वास्तविक राज्याच्या मर्यादा उल्लंघून माल इकडचा तिकडे करणे हा व्यापाऱ्याच्याच वाट्याला येणारा मोह आहे. शेतकऱ्याला तो क्वचितच पडतो. जकात चुकविणारा कोणाच्या तिजोरीला हात घालत नाही, म्हणून त्याचे मन त्याला चोर म्हणत नाही. व्रताने नेमके हेच ओळखले आणि जिथे मन सवलत देते तिथेच कुंपण घातले.

नियम भारतातच कडक आहेत असेही नव्हे. युरोपीय संघात परदेशी नोंदणीची खाजगी गाडी बाहेरच्या रहिवाशाला साधारणपणे सहा महिने जकातीविना वापरता येते. तिथे स्थायिक झालेल्या नातलगाने ती सहज चालवावी, असे चालत नाही. ब्रिटनमध्ये घर हलवून राहायला जाणाऱ्यास जकातीची सूट मिळते, पण गाडी आधी सहा महिने मालकीची असावी लागते आणि नंतर बारा महिने विकता येत नाही. अँटवर्पला हिऱ्यांच्या धंद्यासाठी गेलेली असोत वा लंडनला वसलेली असोत, जैन घरांनी हे नियम तिथे निमूटपणे पाळले आहेत. परक्या मुलखात पाळलेला नियम स्वतःच्या गावी मात्र ओळखीने वाकवावा, हा विचार वडिलांना पटला नाही.

खर्चाचा मुद्दा त्यांनी टाळला नाही. परतीच्या भाड्याचा अर्धा वाटा त्यांनी दुकानातून न घेता आपल्या खाजगी बचतीतून दिला. घराच्या सोयीसाठी आणलेली वस्तू घरानेच नीट पोचती करावी, एवढेच त्यांचे म्हणणे. मुलाने आधी नको म्हटले, मग स्वीकारले. आईने एकच पुस्ती जोडली: पुढच्या खेपेस यात्रा रेल्वेने करावी, म्हणजे निदान सर्वांना एकत्र बसता येईल.

मुलगा दुबईला गेला. मधले तीन महिने गाडी मनोरीला कुलुपात राहिली. खाऱ्या वाऱ्याने तिच्या पत्र्याला काही होऊ नये म्हणून वडील दर रविवारी खाडी ओलांडून जात आणि ती पुसून येत. किल्ली मात्र मुलाजवळ होती. अक्षय्यतृतीयेच्या आधी तो चार दिवसांची रजा घेऊन आला, गाडी बंदरात नेली आणि पुस्तिकेच्या त्याच पानावर निर्गमनाचा दुसरा शिक्का पडला. दुबईच्या संघटनेने पुढे अनामत परत केली. ती रक्कम जमा झाल्याचे कळले, तेव्हा वडिलांनी वहीतील त्या पानावर आडवी रेघ ओढली आणि खाली लिहिले: बाकी काही नाही.