मासिकाचे पहिले कलम

सुरतेतील एका कापडव्यापारी अशिलापुढे आम्ही स्थानिक व्यापारविषयक मासिकाची योजना मांडली. १८६३ साली ‘गुजरातमित्र’ याच नगरीत निघाल्याचा दाखला दिला. १८६७ चा नोंदणीकायदा जाऊन २०२३ चा आला, हेही समजाविले. शेठजींनी शांतपणे विचारले, “वकीलसाहेब, माझी जाहिरात तुम्ही छापालच, पण मी एखाद्या यंत्रमागवाल्याचे पैसे बुडविले, तर तेही छापाल का?”

अशिलाची बाजू सांभाळण्याची आमची वीस वर्षांची सवय! क्षणभर जीभ अडखळली. अखेर म्हणालो, “छापू.”

“मग वर्गणीदारांत माझे नाव लिहा, भांडवल मात्र मागू नका.”

भांडवल गेले खरे. पण मासिकाचे पहिले कलम आम्हांस त्याच पेढीवर गवसले.