केन्याचे फूल

आषाढातील दोन-चार सरी गोदावरी-दुधनेच्या खोऱ्यातील काळ्या रेगुरीत मुरल्या, की परभणीच्या शिवारात कापसाच्या तासांतून, बांधांवरून आणि गाडीवाटांच्या कडेने कोणाच्याही सनदेवाचून आपला अंमल बसविणारे जे रसाळ, आडवे पसरणारे तण, त्या केन्याच्या फुलाकडे पाहण्याची सवड खुरपणीच्या दिवसांत कोणाला असावी? ते फूलही असे, की सकाळी हिरव्या छदातून डोके वर काढावे, नखाएवढ्या दोन निळ्या पाकळ्या पसराव्यात, तिसरी धाकटी संकोचाने खाली ठेवावी, आणि माध्यान्हीच्या सुमारास सारा पसारा आवरून पाणी होऊन जावे.

मध म्हणाल तर त्यात थेंबभरही नाही. तरीही कोवळ्या उन्हात इवल्या रानमाश्या आणि हवेत अधांतरी थबकणाऱ्या फुलमाश्या येथे हजेरी लावतात, त्या परागासाठी. वरचे तीन लखलखीत पिवळे केसर ही निव्वळ दर्शनी बाब, कारण ते वंध्य. खरा ऐवज खालच्या तीन केसरांत. माशी पिवळ्याच्या ओढीने झेपावते आणि खालचा पराग तिच्या पोटाला नकळत माखतो. हिला कोणी लबाडी म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण त्या परागातला वाटा माशीच्याही पदरी पडतोच.

परंतु फुलाचे आयुष्य अर्ध्या दिवसाचे, आणि झड लागली तर ती आठ-आठ दिवस हटत नाही. अशा वेळी पंख भिजवून कोण येणार? म्हणून कोमेजताना केसर आणि कुक्षी एकमेकांत गुरफटून फूल आपल्याच परागाने फळू शकते. एवढ्यावरही केन्याचा भरवसा नाही. मातीआडच्या पांढुरक्या फुटव्यांवर ते अशीही फुले धरते, जी कधी उमलतच नाहीत. ना रंग, ना पाहुणा, आणि बीजे मात्र वरच्यांहून टपोरी.

१७५३ साली वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने याला बंगालच्या नावाने दप्तरी दाखल केले. वास्तविक आफ्रिकेपासून आशियापर्यंत याची जुनी वहिवाट. अमेरिकेत जॉर्जियाच्या कापसातही ते ग्लायफोसेट या तणनाशकाला सहजी दाद देत नाही. १९७२ पासून कृषी विद्यापीठ नांदणाऱ्या परभणीत तरी त्याची गणना तणाखेरीज कशात व्हावी? शेतकऱ्याचा संताप रास्तच आहे: खुरप्याने तुटलेला तुकडा ओल मिळताच पेरापेराला मुळे धरतो. कोवळ्या पानांची भजी तळून थोडीशी वसुली करता येते, इतकेच.