बँकरवरच्या दादास

रोआनोक, व्हर्जिनिया
४ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न.

पोचलो. आईला सांग, वहिनीची शेंगदाण्याची चटणी कुणी अडवली नाही. इथल्या पावावर ती बरी लागते, किंबहुना पाव तिच्यामुळेच खाववतो.

वॉशिंग्टनहून गाडीनेच आलो. १९७९ ते २०१७ या गावात प्रवासी गाडीच येत नव्हती. इंजिनांच्या कारखान्यावर मोठं झालेलं गाव, आणि माणसांना मात्र बस धरावी लागायची! जुनं स्टेशन शाबूत आहे. त्यात आता ओ. विन्स्टन लिंक या एकाच माणसाच्या फोटोंचं संग्रहालय आहे. त्याच्यासाठीच हा वळसा घेतला.

निघताना तू विचारलंस, नोकरी सोडून आगगाडीचे फोटो काढून पोट भरतं का रे? तेव्हा विषय बदलला. आता पाच हजार कोसांवरून सांगतो: भरत नाही, भागतं. एका मासिकाने मार्चमध्ये घेतलेल्या लेखाचे पैसे अजून दिलेले नाहीत. दिवाळी अंकांचं मानधन पुढच्या दिवाळीला येतं, तेही आठवण केल्यावर. पण या लिंकची गोष्ट ऐकलीस तर मी त्या मानाने सुखी म्हणायचा.

हा ब्रुकलिनचा माणूस, धंदा जाहिरातींचे फोटो काढण्याचा. १९५५च्या जानेवारीत दुसऱ्याच कामासाठी या भागात आला आणि संध्याकाळी जवळच्या स्टेशनवर नॉरफोक अँड वेस्टर्नची वाफेची इंजिनं बघायला गेला. तोवर बाकीच्या मोठ्या कंपन्या डिझेलकडे वळल्या होत्या. ही कंपनी कोळसा वाहायची आणि कोळशावरच चालायची, म्हणून एवढी टिकली. लिंकने कंपनीकडे मागितली ती फक्त परवानगी. ती मिळाली. खर्च सगळा पदरचा. १९६० साली वाफ संपेपर्यंत तो येत राहिला आणि २,४०० च्या आसपास निगेटिव्ह करून ठेवल्या. शिवाय इंजिनांचे आवाज टेप करून तबकड्याही काढल्या.

बरेचसे फोटो रात्रीचे. रूळ हलवता येत नाहीत आणि सूर्यही आपल्या सांगण्याने सरकत नाही. मग त्याने दोन्हींचा नाद सोडला, रात्र पत्करली आणि उजेड स्वतःचा आणला. त्या वेळचा फ्लॅशचा बल्ब एकदा पेटला की संपला. असे डझनांनी बल्ब झाडांवर, खांबांवर, घरांच्या आडोशाला लावायचे, वायरी ओढायच्या आणि गाडीची वाट बघायची. गाडी आली की एकच क्षण. चुकला तर सगळे बल्ब वाया, आणि गाडी काही मागे येत नाही.

त्याचा सर्वांत गाजलेला फोटो १९५६च्या ऑगस्टमधला. उघड्यावरचं सिनेमागृह, मोटारींत बसून सिनेमा बघणारी माणसं, पडद्यावर जेट विमान आणि मागून वाफ सोडत जाणारी मालगाडी. खरं तर फ्लॅशच्या झगझगाटात पडदा पांढराफटक पडला होता, विमान त्याने नंतर वेगळ्या निगेटिव्हवरून बसवलं. तू म्हणशील, ही लबाडी झाली. मीही दोन वर्षांपूर्वी तेच म्हणालो असतो. आज त्या फोटोसमोर अर्धा तास उभा होतो आणि सबंध वेळ नजर पुढच्या मोटारीतल्या जोडप्यावर. त्यांना गाडीचं काहीच नाही. रोज जाते, आजही गेली. लिंकच्या पुष्कळ फोटोंत असंच आहे. पोरं ओढ्यात डुंबताहेत, कुणी ओट्यावर बसलंय, आणि इंजिन आपलं मागून चाललंय. आपल्या घरात नाही का, कर्जतच्या मागच्या दाराने गाडी धडधडत जायची आणि आई तिकडे न बघता फोडणीवर झाकण ठेवायची?

तो फोटो मी कधीच काढला नाही.

तुझा धाकटा


अल्टूना, पेनसिल्व्हेनिया
९ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न.

हे पत्र खास तुझ्या कामाचं, वहिनीला वाचून दाखवू नकोस, कंटाळेल.

इथून थोड्या अंतरावर हॉर्सशू कर्व्ह आहे. घोड्याच्या नालासारखं वळण, १८५४ साली खुलं झालेलं. म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडी धावल्यानंतर वर्षभराच्या आत. आपला बोरघाट त्यानंतर नऊ वर्षांनी. समोर उभा डोंगर, मधे दरी. मग एका कुशीने आत शिरायचं, दरीच्या आतल्या टोकाशी भराव घालून वळायचं आणि दुसऱ्या कुशीने बाहेर पडायचं, सगळा वेळ चढत. वळणाच्या पोटात बाग केली आहे. वर जायला १९४ पायऱ्या किंवा दोरावरची छोटी गाडी. मी पायऱ्या चढलो. (गुडघा ठीक आहे. आईला पायऱ्यांचं सांगू नकोस.) बागेत उभं राहिलं की गाडी आपल्याभोवती प्रदक्षिणा घालते. १९४२ साली जर्मनीने हेर पाठवले, त्यांच्या यादीत हे वळण होतं. ते पकडले गेले.

चढाचा हिशेब हे लोक टक्क्यांत करतात. पावणेदोन टक्के म्हणाले, तेव्हा मनात उलटं गणित करावं लागलं: सत्तावन्न फुटांना एक फूट. तुझ्या घाटात सदतीस फुटांना एक. मी हे एका म्हाताऱ्या रेल्वेवाल्याला सांगितलं, तो अल्टूनाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याने आधी विश्वास ठेवला नाही. मग विचारलं, खाली उतरताना काय करता? सांगितलं: ब्रेक तपासायला गाडी थांबवतात, आणि ताबा सुटलाच तर गाडी बाजूला वळवून थांबवायला कॅच सायडिंग आहे. तो बराच वेळ मान हलवत होता. तुझ्या वतीने मीच फुशारून घेतलं.

पण सांगायचं ते वेगळंच. इथे तुझे भाऊबंद आहेत. दोन इंजिनांची जोडी मालगाडीच्या शेपटीला लागते आणि ढकलते. बँकर म्हणत नाहीत, हेल्पर म्हणतात. आपला बँकर लोणावळ्याला सुटतो, इथला हेल्पर पलीकडच्या उतारालाही गाडीला धरून राहतो आणि मागून तिला आवरतो. ड्रायव्हर इंजिनात बसलेला, हात खिडकीबाहेर, अगदी तुझ्यासारखा. मी हात केला, त्याने भोंगा दिला.

बागेत दहा-बाराजण कॅमेरे घेऊन होते. गाडीचं तोंड वळणावर आलं की सगळे सरसावायचे, खटाखट फोटो, मग डबे मोजत गप्पा. शंभर-सव्वाशे डब्यांनंतर हेल्पर येईपर्यंत निम्म्यांचे कॅमेरे पिशवीत गेलेले असायचे. मीही पहिल्या दोन गाड्यांना तेच केलं.

तुझा धाकटा


कीन, कॅलिफोर्निया
१६ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न.

शिकागोहून लॉस एंजेलिसपर्यंत गाडीत दोन रात्री. त्यांचं वर्णन लेखासाठी राखून ठेवतो, ते विकायचं आहे. पुढे भाड्याची मोटार, कारण टेहाचापीच्या घाटातून रोजची प्रवासी गाडी नाही. उत्तरेकडून येणारी गाडी बेकर्सफील्डला संपते आणि प्रवाशांना बसमध्ये बसवतात. रेल्वेचा एवढा नावाजलेला चमत्कार, आणि तो बघायला यायचं मोटारीने.

चमत्कार म्हणजे टेहाचापी लूप. १८७६ साली चिनी मजुरांनी हातांनी खोदला. डोंगराएवढी उंची गाठायला जागा नाही, म्हणून रूळ एका टेकाडाभोवती पूर्ण गोल फिरवून स्वतःच्याच डोक्यावरून नेला. वेटोळं सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर, उंची मिळते ७७ फूट. गाडी लांब असली, आणि इथे असतेच, की वरून तिचं इंजिन जातं तेव्हा खालच्या बोगद्यातून तिचेच डबे येत असतात. टेकाडावर एक पांढरा क्रूस आहे. १९८९ साली सॅन बर्नार्डिनोच्या उतारावर गाडी आवरली नाही, त्या अपघातात गेलेल्या दोन रेल्वेवाल्यांची ती आठवण. तुला हे लिहू की नको असं झालं होतं. लिहिलं.

मालगाडीला वेळापत्रक नसतं. सकाळी सहाला रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. कडेलाच, कारण रूळ आणि त्याभोवतीची जमीन खाजगी, तिथे पाय टाकला तर गुन्हा. गवत वाळून सोनेरी झालेलं, मधेमधे ओकची झाडं. साडेनऊपर्यंत काही नाही. मग एकापाठोपाठ तीन गाड्या, तिन्ही उतरणाऱ्या. मला चढणारी हवी होती. दुपारी ऊन डोक्यावर, फोटो काढून उपयोग नाही, मोटारीत बसून टिपणं काढली. हा धंदा निम्मा फोटोचा आणि निम्मा लेखणीचा आहे दादा. नुसता सुंदर फोटो संपादकाकडे ढिगाने असतो. गाडी कोणती, कुठून कुठे, किती वाजता, पुढे किती इंजिनं, मागे किती, का लावली, हे ज्याच्या वहीत असतं त्याचा फोटो छापतात. ही सवय मला तुझ्या ड्यूटीच्या डायरीवरून लागली.

साडेपाचला हवी ती गाडी आली. डब्यांवर डबे रचलेली, संपता संपेना. पुढे चार इंजिनं, मधे दोन, शेवटी दोन. पिवळा उजेड, गाडीने वेटोळं पुरं भरलं, फोटो झाला. ठरवून आलो होतो तसाच. आणि कॅमेऱ्यात बघताना लक्षात आलं, हा फोटो मी इथे येण्याआधीच शंभर वेळा पाहिलाय, दुसऱ्यांनी काढलेला.

मग शेवटची दोन इंजिनं समोरून गेली. खिडकीत कुणी नव्हतं. मधल्यांतही नाही. पुढचा ड्रायव्हर रेडिओवरून सगळी चालवतो. मी सवयीने हात वर केला होता, तो तसाच खाली घेतला.

रात्री मॉटेलवर लॅपटॉपमध्ये बोरघाटाचे माझे सगळे फोटो काढून बसलो. पावसातले, धुक्यातले, मंकी हिलचे, बोगद्यातून बाहेर पडणारे. अकरा वर्षांचे. बँकर आहे तो कुठेतरी टोकाला, बोटाएवढा, निम्म्या ठिकाणी चौकटीने कापलेला. त्यातल्या कितीकांत तू असशील ते तुझ्या डायऱ्या आणि माझ्या वह्या लावून शोधता येईल. पण तोंड दिसेल असा तुझा एकही फोटो माझ्याकडे नाही, लग्नातला सोडून.

२१ तारखेला घरी पोचतो. ऑक्टोबरचा तुझा रोस्टर कळव. शेडमध्ये आणि इंजिनाजवळ काढायला परवानगी लागेल, तो अर्ज आजच टाकलाय. कर्जतला पहाटे बँकर लागतो, सगळी गाडी वड्यांकडे धावते आणि मागे तू चहाचा पेला खिडकीत ठेवून सिग्नलची वाट बघतोस, तिथे मला यायचंय. उजेड मी घेऊन येईन. तू फक्त एवढं कर, कॅमेऱ्याकडे बघू नकोस आणि वहिनीने सांगितलं म्हणून भांग पाडून येऊ नकोस.

तुझा धाकटा

ता. क. मार्चच्या लेखाचे पैसे आले.