मऊ खा, साखर सांभाळा

सोलापूरच्या माणसाला दात लागतातच. पुण्या-मुंबईच्या मंडळींना हे पटायचं नाही, पण ज्यांनी आमच्याकडची कडक भाकरी खाल्ली आहे त्यांना लगेच पटेल. मालदांडी ज्वारीची पापडासारखी पातळ भाकरी, भाजून पार वाळवलेली. कितीतरी दिवस टिकते. हातात मोडली की कटकन वाजते. सोबत उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगांची चटणी आणि कवडीचं दही. आमच्याकडे गाडीचं तिकीट निघायच्या आधी या भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधून तयार असायची.

लहानपणी दात हे खाण्यापुरते नव्हतेच, ते हत्यार होतं. ऊस दातांनीच सोलायचा, सोड्याच्या बाटलीचा बिल्ला दातांनीच उडवायचा, चुलीत भाजलेले चिंचोके दाढेखाली धरून फोडायचे. घासायला राखुंडी, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वडिलांचा हात सैल असला तर माकडछाप काळं मंजन. थंडीत मळ्यात आगटी पेटली, की कणसातून चोळून काढलेला गरम हुरडा मूठमूठ तोंडात कोंबायचा. कोवळा दाणा तसा मऊच असतो, पण त्यातही एखादा जून निघायचा आणि तो फोडण्यात गंमत वाटायची.

घरात दात नसलेलं माणूस एकच, आजी. तिच्या तोंडाचं बोळकं झालं होतं. तिच्या उशाशी एक वीतभरही नसलेला लोखंडी खलबत्ता असे. दुपारी त्यात पान, कात, चुना आणि अडकित्त्याने बारीक कातरलेली सुपारी घालून ती ठकठक कुटत बसे. लगदा झाला की बोटाने काढून गालात धरी. तिचं जेवण म्हणजे दुधात कुस्करलेली भाकरी आणि वर गुळाचा खडा. तिला साखरेचा आजार होता की नाही, देव जाणे. तेव्हा तपासत कोण होतं?

मला तो आजार पन्नाशीत निघाला. बँकेच्या वार्षिक तपासणीत आकडे फुगलेले दिसले आणि डॉक्टरांनी पथ्याचा कागद हातात ठेवला. भात कमी, भाकरी चालेल. कोशिंबीर भरपूर. उसळी, फुटाणे, शेंगदाणे मोजून. सावकाश चावून खा. घरचे हळहळले, मी मात्र मनातून खूश होतो. म्हणजे सोलापूरचंच जेवण जेवायचं! दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असं लोक म्हणतात. माझ्याकडे दोन्ही होतं, वर डॉक्टरांचा हुकूमही. पुढची बरीच वर्षं मी काकडी, मुळा, मोड आलेली मटकी अशा कडकडीत वस्तूंवर काढली.

साठीनंतर ब्रशला रक्त दिसायला लागलं. आरशात दात लांब झाल्यासारखे वाटायचे. खरं तर हिरड्या वर सरकत होत्या. जेवण झाल्यावर फटीत काहीतरी अडकलेलं असायचंच. मग एक दाढ हलायला लागली, तिच्या शेजारची हलली, समोरचाही एक. कीड एकालाही नाही, ठणका नाही. आमच्या पिढीला हे पायोरिया या नावाने माहीत आहे. दंतवैद्य मुलगी माझ्या मुलीच्या वयाची. तिने एक्स-रे उजेडात धरून दाखवला आणि म्हणाली, "काका, घर शाबूत आहे, पण खालची जमीन खचलीय." साखर वाढलेली राहिली की हिरड्यांतला संसर्ग हटत नाही, आणि तो संसर्ग मुरला की साखर आटोक्यात येत नाही. दोघं एकमेकांना पोसतात. दात काढले की निदान एकाचं तरी खाणंपिणं बंद होईल, असं तिचं म्हणणं.

तयारीची गंमत वेगळीच. शेजारपाजारचा सल्ला एकमुखी होता: उपाशी जा, ऑपरेशनच आहे ते. डॉक्टरीणबाईंनी नेमकं उलट सांगितलं. सकाळची पहिली वेळ दिली. नेहमीची गोळी घ्या, नेहमीचा नाश्ता करा आणि मगच या. भूल फक्त जबड्यापुरती, त्यासाठी पोट रिकामं लागत नाही. माझ्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे. ती घेतली आणि पोटात काही गेलं नाही, की साखर झरझर उतरते. ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. दात काढल्यावर दोन-तीन तास ओठ-जीभ बधिर असते, तेव्हा खाता येत नाही. त्या वेळेपुरती शिदोरी नाश्त्यातूनच न्यावी लागते. शिवाय ग्लुकोजची पुडी खिशात. साखर उतरलीच तर तीन चमचे पाण्यात ढवळून प्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं.

त्याआधी तिने तीन महिन्यांची साखर करून आणायला लावली होती. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळाची साखर त्यांच्या अंगाला चिकटून राहते. आदल्या दिवशी दोन घास कमी खाऊन डॉक्टरला फसवायची आमची जुनी युक्ती तिथे चालत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवायची की नाही, याची चिठ्ठी फिजिशियनकडून. आणि सगळे दात एकदम नाहीत. आधी उजवीकडचे, ती बाजू भरून आली की डावीकडचे, म्हणजे एक बाजू चावायला राहील. मला हे फार आवडलं. तिने जबड्याबरोबर जेवणाचाही विचार केला होता.

प्रत्यक्ष काढण्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. टोचलं तेवढंच कळलं, मग नुसता करकर आवाज. ट्रेमध्ये ठेवलेली दाढ मात्र मी नीट पाहून घेतली. पांढरी, कुठे डाग नाही, दोन लांब मुळं. असल्या दाढेने अजून वीस वर्षं चिंचोके फोडले असते. कापसाचा बोळा दाबून बसवलं आणि सूचना सुरू झाल्या. थुंकायचं नाही, नळीने काही ओढायचं नाही, आज गरम चहा नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तीच तिथली मलमपट्टी. ती निघाली तर हाड उघडं पडतं आणि मग जे ठणकतं त्याला तोड नाही. गुळण्या दुसऱ्या दिवसापासून, कोमट मिठाच्या पाण्याच्या, आणि पाणी थुंकायचं नाही, तोंड वाकवून आपसूक पडू द्यायचं.

"आणि मऊ खा, काका."

खरी अडचण इथे सुरू झाली. मराठी घरात मऊ म्हणजे काय? गुरगुट्या भात, पेज, साबुदाण्याची खीर, शिरा, कुस्करलेलं केळं. दात काढला म्हणून नातवाने आइस्क्रीम सुचवलं. बहिणीने फोनवरून भातात तूप किती घालायचं तेही सांगितलं. पंधरा वर्षं ज्या वस्तूंना हात लावू नका म्हणून सांगितलं, नेमकी त्यांचीच रांग दारात. संध्याकाळी वाटीभर मऊ भात खाल्ला आणि दोन तासांनी बोट टोचलं, तर आकडा २५० च्या पुढे. भात जितका शिजवून लगदा करावा तितकी त्याची साखर भराभर रक्तात उतरते, आणि जखम झालेलं शरीर स्वतःच साखर चढवून बसलेलं असतं. साखर चढली की जखम भरायला वेळ. उलट भीतीने जेवणच टाळलं तर गोळी आहेच खाली खेचायला.

बायकोने माझ्या मीटरकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि डब्यातून बेसन काढलं. "अहो, पिठलं आहे की!"

पातळसर, कोमट, मिरचीविना. फोडणीत मोहरी नाही, कारण मोहरीचा दाणा नेमका खड्ड्यात जाऊन बसतो. नुसतं तेल, हिंग, हळद. शेवटी ते चण्याचंच पीठ. म्हणजे दात गेले तरी चणे राहिले. म्हणीत पिठल्याची सोय कुणी केलेली नाही, एवढंच. पिठल्याबरोबर मुगाचं घट्ट वरण, किसून शिजवलेला दुधी, दही, कुस्करलेलं पनीर, वाफेवरचं अंडं असं एकेक जमत गेलं. ताक पेल्याने, घोटघोट. ज्वारीची हौस ताक घातलेल्या आंबिलीवर भागवली, तीही वाटी मोजून. ज्वारीच्या कण्या मात्र खड्डा भरत येईपर्यंत लांब. आकडे हळूहळू जागेवर आले. टाक्यांची जागा पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखरवाल्यांचं इतकं सरळ भरून येताना रोज दिसत नाही. मी कौतुक बायकोकडे पोचतं केलं.

दुसरी बाजूही काढून झाली. जबड्याचं हाड बसायला काही महिने लागतात, मग कवळीचं माप घेतलं. कवळीने भाकरी खाता येते, पण कडक नाही. आणि चटणीतला भरड दाणा कवळीखाली गेला की जेवण थांबवून मोरीकडे जावं लागतं. म्हणून माझी चटणी आता वेगळी, मिक्सरमधून दोनदा फिरवलेली. उखळातल्या चटणीची चव तिला नाही. नाहीच.

तुमची दात काढायची तारीख ठरली असेल, तर सकाळची वेळ मागून घ्या, आपल्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी दंतवैद्याला दाखवा आणि गोळ्या-इन्सुलिनचं काय करायचं ते आपल्या डॉक्टरांना आधीच विचारा. भूल फक्त जबड्यापुरती असेल तर उपाशी जाऊ नका. आणि घरी सांगून ठेवा, पिठल्याला मोहरीची फोडणी नको.