खिळा

अकोले तालुक्यात पाण्याच्या फिल्टरच्या एका कंपनीसाठी पाहणी करत होते. बायकांना आधीच सांगितलं होतं, स्वयंपाकघरातल्या आवडत्या जागेचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. एका मावशींनी दाखवला तो भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याचा. "इथं पोरीचं दप्तर असायचं, ताई. गेली ती." कुठे, हे मी विचारलं नाही, प्रश्नावलीत तो प्रश्न नव्हता. अहवालात लिहिलं, 'भिंतीवर फिल्टरला जागा आहे.'

फोटोवरून ग्राहकाला बोलतं करायचं हे तंत्र हार्वर्डच्या जेराल्ड झाल्टमन यांनी बसवलं. त्याआधी नेपाळच्या खेड्यांत त्यांनी लोकांना कॅमेरे दिले होते, तर फोटोंतल्या माणसांची पावलंच कापलेली. नेम चुकला नव्हता. अनवाणी पाय म्हणजे गरिबी, ती कशाला दाखवायची? उपचारात मात्र फोटो कितीतरी आधी आला. १८५०च्या दशकात इंग्लंडमधल्या सरेच्या मनोरुग्णालयात डॉ. ह्यू डायमंड रुग्णांना त्यांचेच फोटो दाखवत.

आई गेल्यावर नगरच्या समुपदेशक बाईंनी मला तिचा फोटो आणायला सांगितला. "यात कोण नाही?" त्यांनी विचारलं. प्रश्न माझ्याच धंद्यातला, तरी उत्तराला अर्धा तास लागला. शेवटच्या दोन वर्षांतल्या तिच्या एकाही फोटोत मी नव्हते. निघताना बाईंनी फोटो माझ्या हातात परत दिला.

मावशींचा खिळा अजून कंपनीच्या फाइलीत आहे.